प्रति,

सरकारी कागद कसा वाचायचा हे मला अण्णांनी शिकवलं. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. ते म्हणायचे, मजकूर नंतर. आधी वर 'प्रति' कोणाला आहे ते बघ. मग तळाशी 'प्रत माहितीसाठी' कोणाकोणाला गेली ते बघ. एवढं कळलं की मधल्या मजकुराचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

अण्णा सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. उपलेखापरीक्षक म्हणून लागले आणि जवळजवळ सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातच झाली. विटा, तासगाव, इस्लामपूर, आटपाडी. विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, उपसा सिंचनाच्या संस्था. संस्थेत गेल्या गेल्या त्यांचं पहिलं काम ठरलेलं असे: पिशवी खाली ठेवायच्या आधी तिजोरी उघडायला लावून हातातली शिल्लक मोजायची. मग रोखकीर्द, मग पावती पुस्तकं, मग खतावणी. तपासलेल्या प्रत्येक नोंदीपुढे हिरव्या शाईची बारीक खूण. चहा नाही. सचिव कितीही आग्रह करोत, चहा नाही. जेवायला आईने बांधून दिलेली भाकरी, आणि ती संस्थेच्या आवारात नाही, तर एसटी स्टँडवर किंवा देवळाच्या ओट्यावर. लहानपणी मला वाटायचं की चहा न पिणं हा ऑडिटचाच एक नियम असणार.

२०२२ साली मी अमेरिकेची नागरिक झाले. बॉस्टनच्या फॅन्युएल हॉलमध्ये शपथ घेतली, बाहेर आल्यावर तिथेच मतदार नोंदणीचा फॉर्म भरला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याची निवडणूक आली. माझी इथली पहिली. आपल्याकडे मतदान म्हणजे एक आमदार किंवा एक खासदार, एक बटण, बोटाला शाई. इथे हातात आला तो वर्तमानपत्राच्या पानाएवढा कागद. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नरची जोडी, मग अ‍ॅटर्नी जनरल, मग राज्याचे सचिव, मग खजिनदार. पाचवा रकाना ऑडिटरचा. पुढे काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य, राज्याचे सिनेटर आणि प्रतिनिधी, सरकारी वकील, शेरीफ. प्रत्येक नावापुढे छोटा लंबगोल, तो काळ्या पेनाने भरायचा.

नमुना मतपत्रिका मी पंधरा दिवस आधीच बघितली होती. त्या पाचव्या रकान्यापाशी थांबले आणि अण्णांना फोन लावला.

"अण्णा, इथे ऑडिटर निवडणुकीनं निवडतात."

"कुठल्या संस्थेचा?"

"राज्याचा. सगळ्या राज्य सरकारचा ऑडिटर. आपला महालेखापाल असतो तसा, पण लोकांनी निवडलेला."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "आणि तो मतं मागायला फिरतो?"

"फिरतो. सभा घेतो, पाट्या लावतो, वादविवाद करतो."

"मग ज्यांच्याकडं मतं मागतो त्यांचंच दप्तर तपासणार काय गं?"

"नाही, अण्णा. मतं आमच्याकडं मागतो, दप्तर सरकारचं तपासतो."

यावर ते "हं" म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. आमच्याकडे सकाळचे सहा वाजले होते. म्हणाले, "त्या ऑडिटरचं मला नीट सांग."

तर मला जे कळलं ते असं. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५ च्या घटनादुरुस्तीने सचिव, खजिनदार, अ‍ॅटर्नी जनरल आणि ऑडिटर ही पदं थेट मतदारांच्या हाती आली. अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या राज्यांत ऑडिटर असाच निवडून येतो, उरलेल्या राज्यांत त्याला विधिमंडळ किंवा गव्हर्नर नेमतात. पदासाठी कसली परीक्षा नाही, चार्टर्ड अकाउंटंट असण्याची अट नाही. १९८७ पासून चोवीस वर्षं इथले ऑडिटर असलेले जोसेफ डीनूची हे तरुणपणी व्यावसायिक मुष्टियोद्धा होते. त्यांच्यानंतर आलेल्या सुझन बम्प या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांनी २०२२ मध्ये पुन्हा उभं न राहायचं ठरवलं, म्हणून जागा मोकळी झाली होती.

काम मात्र अण्णांच्या ओळखीचं. राज्याच्या प्रत्येक खात्याची निदान तीन वर्षांतून एकदा तपासणी. त्या वर्षी राज्याचा अर्थसंकल्प ५२ अब्ज डॉलरच्या पुढचा होता, आणि त्यातून चालणारी रुग्णालयं, तुरुंग, विद्यापीठं, रेल्वे, न्यायालयांची कार्यालयं सगळं त्या तपासणीत येतं. गरिबांसाठीच्या मदतीत कोणी फसवणूक केली तर तिचा तपास. राज्याने एखादा कायदा करून त्याचा खर्च गावांच्या आणि शहरांच्या माथी मारला तर तसा निर्णय देणारा विभागही ऑडिटरकडेच. इथे ३५१ गावं-शहरं आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा, तेव्हा हे काम कागदावर दिसतं त्याहून मोठं आहे.

आणि अहवालाचा साचा! तो वाचून दाखवला तेव्हा अण्णा हसले. आधी आक्षेप, मग शिफारस, मग तपासलेल्या खात्याचं उत्तर, मग त्या उत्तरावर ऑडिटरचं म्हणणं. "हा आपला दोषदुरुस्ती अहवालच की," ते म्हणाले. "आमच्याकडं ओ नमुना म्हणत. फक्त आमच्याकडं संस्थेचं उत्तर येतच नसे."

उमेदवारांची गोष्ट मला अजून सांगायची आहे, कारण ती माणसं मला आवडली. सप्टेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक झाली. एका बाजूला ख्रिस डेम्प्सी. २०२४ चं ऑलिंपिक बॉस्टनला आणायचं घाटत होतं, तेव्हा त्याचा तोटा करदात्यांच्या डोक्यावर येईल असं आकडे मांडून सांगणाऱ्या नागरिकांच्या गटातले हे एक. खर्चाच्या हमीवर सही करायला महापौर तयार झाले नाहीत आणि जुलै २०१५ मध्ये तो प्रस्ताव बारगळला. मावळत्या ऑडिटर बम्प यांचा पाठिंबा डेम्प्सींना होता. दुसऱ्या बाजूला राज्याच्या सिनेटर डायना डिझोलिओ, मेथ्यून गावच्या. या तरुणपणी विधिमंडळात मदतनीस म्हणून काम करत होत्या. एक खोटी अफवा पसरली, नोकरी गेली, आणि जाताना मिळणाऱ्या पैशांच्या बदल्यात 'याबद्दल कुठे बोलणार नाही' अशा करारावर सही करावी लागली. पुढे त्या त्याच सभागृहात निवडून आल्या आणि २०१८ मध्ये सभागृहातच उभं राहून त्यांनी तो करार मोडला, जे घडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. पक्षाच्या निवडणुकीत त्या जिंकल्या.

नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाचे अँथनी अमोरे होते. त्यांची नोकरी ऐकून माझा जीव त्यांच्यात गुंतला. बॉस्टनमधल्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयाच्या सुरक्षेचे ते प्रमुख. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेशात आलेल्या दोघांनी तिथून तेरा कलाकृती नेल्या. व्हरमीरचं एक चित्र त्यात होतं, रेम्ब्रांटचं वादळात सापडलेल्या नावेचं चित्र होतं. आजवर त्यातलं काहीही परत आलेलं नाही, आणि अमोरे २००५ पासून त्या चोरीच्या मागावर आहेत.

ते संग्रहालय मी पाहिलं आहे. इझाबेलाबाईंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मांडणी बदलायची नाही, म्हणून चोरीला गेलेल्या चित्रांच्या रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर आहेत. आत हिरव्या-तपकिरी कापडाची भिंत दिसते, बस. पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला अण्णांची आठवण झाली होती, आणि का झाली ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. इथे काहीतरी होतं, ते आता नाही, आणि जागा झाकायची नाही: अण्णा आयुष्यभर हेच लिहीत होते. 'रोख शिल्लक किर्दीप्रमाणे इतकी, प्रत्यक्ष मोजता इतकी, फरक इतका.' फरकाची चौकट रिकामी टांगून ठेवायची. चित्र परत आणणं त्यांच्या हातात नव्हतं.

ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून सांगते.

आमच्या गावात एक पतसंस्था होती. नव्वदच्या दशकातली, बाजारपेठेत, काचेचं दार, आत गणपतीचा मोठा फोटो. एका वर्षी तिचं ऑडिट अण्णांकडे आलं. संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांना विनातारण कर्जं. थकलेली कर्जं मार्च महिन्यात नवं-जुनं करून चालू दाखवलेली, म्हणजे जुनं खातं फेडायला नवं कर्ज द्यायचं आणि व्याज जमा झालं असं लिहायचं. एका कर्जदाराचं तर दोन वर्षांपूर्वीच निधन झालेलं, सही मात्र ताजी. अण्णांनी चार आठवडे तिथे घालवले. संस्थेला ड वर्ग, म्हणजे सगळ्यात खालचा, दिला आणि सत्तर-ऐंशी पानांचा अहवाल लिहिला. 'प्रति' जिल्हा विशेष लेखापरीक्षक. प्रत माहितीसाठी उपनिबंधक. प्रत संस्थेला, पुढील कार्यवाहीसाठी.

कायद्याने तो अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो, आणि तो ठेवलाही गेला. विषय क्रमांक चार: वैधानिक लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे. मंगल कार्यालयात सभा होती, आमच्या शेजारचे काका गेले होते. ते सांगत, विषय वाचून होईपर्यंत मागून "मंजूर, मंजूर" झालं आणि पाचव्या विषयाला सुरुवात झाली. सभेनंतर प्रत्येक सभासदाला स्टीलचा डबा मिळाला. इतिवृत्तात लिहिलं गेलं: नोंद घेण्यात आली.

पुढे तिसऱ्या वर्षी संस्थेचं शटर खाली आलं ते कायमचं.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. माझे शाळेचे सगळे फ्रॉक त्यांनी शिवलेले. मुलीच्या लग्नासाठी पै-पै करून ठेवलेली रक्कम त्या संस्थेत होती. शटर पडल्यावर आठवड्याभराने त्या आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून अण्णांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमास्नी ठावं व्हतं. मग आमाला का न्हाई सांगितलं?"

अण्णांनी मान खाली घातली. ते काहीच बोलले नाहीत. मावशी थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, आणि आईने त्यांना जेवा म्हटलं नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला अण्णांचा राग आला होता. बऱ्याच वर्षांनी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते काही गुपित नव्हतं. पण तिला सांगणं हे माझं काम नव्हतं. माझं काम वर कळवायचं." आणि मग, जरा थांबून, "वर कळवलं होतं गं."

२०२२ च्या त्या मतपत्रिकेसमोर मी जी अडकले ती यामुळे. माझ्या मनात दोन विचार एकमेकांना ढकलत होते. एक अण्णांच्या शिस्तीतला: तपासणाऱ्याने कोणाचा चहा घेऊ नये, मग मत आणि वर्गणी तरी कशी घ्यावी? निवडणूक म्हटली की आश्वासन आलं, आणि ऑडिटरचं आश्वासन म्हणजे काय? 'मी अमुक खात्याला धारेवर धरीन' असं वही उघडायच्या आधी म्हणणाऱ्या माणसाचा आक्षेप मी कसा मानायचा? दुसरा विचार मावशींचा. ज्याला लोकांनी निवडलं, त्याच्या दारात उभं राहून "का नाही सांगितलं" असं विचारण्याचा हक्क लोकांना असतो. त्याला "वर कळवलं होतं" असं म्हणता येत नाही. त्याच्यासाठी वर कोणी नसतंच, आम्हीच असतो.

पहिल्या विचाराला इतिहासाची साथ आहे. इलिनॉय राज्यात १९५२ साली ऑर्व्हिल हॉज नावाचे गृहस्थ ऑडिटर म्हणून निवडून आले. लोकप्रिय, रुबाबदार, पुढे गव्हर्नर होतील अशी चर्चा. १९५६ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराने त्यांचा माग काढला, तेव्हा उघड झालं की राज्याच्या नावाने खोटे चेक काढून ऑडिटरनेच लाखो डॉलर लांबवले होते. त्यांना तुरुंगवास झाला. इलिनॉयच्या लोकांनी यातून धडा घेतला तो असा की १९७० च्या नव्या राज्यघटनेत त्यांनी निवडून येणारा ऑडिटर ठेवलाच नाही. आता तिथे विधिमंडळाची दोन्ही सभागृहं तीन-पंचमांश, म्हणजे साठ टक्क्यांच्या बहुमताने दहा वर्षांसाठी महालेखापरीक्षक नेमतात. त्याला कोणाकडे मतं मागावी लागत नाहीत.

आपल्या घटनाकारांनीही नेमणुकीचीच वाट धरली, आणि ती पुरती विचार करून. कलम १४८: भारताचा नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. राष्ट्रपती नेमणार, सहा वर्षं किंवा वयाची पासष्ट वर्षं यात जे आधी ते (ही मुदत पुढे कायद्याने ठरली), आणि काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकंच अवघड. मे १९४९ मध्ये घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकर म्हणाले होते की हा अधिकारी बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचं काम न्यायसंस्थेच्या कामाहूनही महत्त्वाचं आहे. अण्णांना हे ठाऊक होतं. खात्यातले लोक कॅगबद्दल बोलत तेव्हा त्यांच्या आवाजात वेगळा आदर असे. इथे नेमणूक आहे, पण नेमल्यानंतर त्याला हात लावता येत नाही. अण्णांसारख्या तालुक्यातल्या माणसाला ते कवच कुठलं? त्याची बदली एका चिठ्ठीने होते. अण्णांची दोनदा झाली.

सहकारात तर पुढे एक तिसराच प्रकार आला. ९७ वी घटनादुरुस्ती झाली, २०१३ मध्ये महाराष्ट्राचा सहकार कायदा बदलला, आणि संस्थेच्या सर्वसाधारण सभेनेच सरकारमान्य नामतालिकेतून आपला लेखापरीक्षक नेमायचा असं ठरलं. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. बातमी वाचून ते अस्वस्थ झाले. "सभा नेमणार म्हणजे कोण नेमणार ते मला माहीत आहे," ते म्हणाले. मंगल कार्यालयातलं ते "मंजूर, मंजूर" त्यांच्या कानात होतं. माझ्या निवडणुकीच्या गोष्टीवर ते आधी गप्प का झाले, याचं कारण हेच. त्यांना वाटलं, हाही तसलाच प्रकार. तपासला जाणारा आणि नेमणारा एकच.

पण तो तसा नाही, हे माझं म्हणणं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मॅसॅच्युसेट्सच्या ऑडिटरला नेमणारे आम्ही, आणि ज्यांचं दप्तर तपासायचं ते दुसरे. पतसंस्थेत मावशींच्या हातात ते मत असतं तर? त्या चौथी शिकलेल्या होत्या, पण मीटरभर कापडात किती फ्रॉक बसतात आणि उरलेलं कापड गेलं कुठे हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं?

मतदानाच्या दिवशी श्रूजबरीतल्या शाळेत रांगेत उभी राहिले. आत गेल्यावर रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक सांगायचा, टेबलामागच्या आजीबाई यादीत रेघ मारतात आणि कागद देतात. गव्हर्नरचा लंबगोल मी पाच सेकंदांत भरला. पाचव्या रकान्यापाशी पेन थांबलं. कोणाला मत दिलं ते इथे लिहीत नाही, अण्णांनाही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्या रात्री मॉरा हिली गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, या राज्यात निवडून आलेल्या पहिल्या महिला गव्हर्नर, आणि सगळी चर्चा त्यांचीच होती. ऑडिटरचा निकाल पडद्याच्या तळाशी सरकत गेला. डिझोलिओ सुमारे ५५ टक्के, अमोरे ३८ च्या आसपास.

प्रचारात डिझोलिओंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: मी विधिमंडळाचंही ऑडिट करीन. मला खटकत होतं ते नेमकं हेच आश्वासन. मार्च २०२३ मध्ये त्यांनी ते सुरू केल्याचं जाहीर केलं. दोन्ही सभागृहांच्या नेत्यांनी नकार दिला. त्यांचा मुद्दाही हलका नाही. १७८० च्या इथल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमात लिहिलं आहे की राज्यकारभाराच्या तीन अंगांनी एकमेकांचं काम करायचं नाही, म्हणजे इथे माणसांचं नव्हे, कायद्याचं राज्य राहील. ऑडिटर कार्यकारी अंगातला, त्याने विधिमंडळाच्या दप्तरात हात घालावा का? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅटर्नी जनरल अँड्रिया कँपबेल यांनी अभिप्राय दिला की सध्याच्या कायद्यात ऑडिटरला हा अधिकार नाही.

मग प्रश्नच मतपत्रिकेवर आला. ५ नोव्हेंबर २०२४, अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस, प्रश्न क्रमांक १: ऑडिटरला विधिमंडळाचं ऑडिट करण्याचा अधिकार द्यावा काय? निवडणुकीआधी घरोघर लाल मुखपृष्ठाची पुस्तिका येते, तिच्यात कायद्याचा मसुदा आणि दोन्ही बाजूंची मतं छापलेली असतात. ती मी फोनवर अण्णांना सगळी वाचून दाखवली, त्याला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांना विरोधातली बाजू अधिक पटली. आजचा सिनेटर उद्या ऑडिटर होतो आणि कालच्या सहकाऱ्यांचं दप्तर मागतो, हे त्यांना रुचलं नाही. "तपासणाऱ्याचं जुनं भांडण नसावं," एवढंच म्हणाले. मला त्यांचं म्हणणं समजत होतं. तरी मी 'होय' चा लंबगोल भरला. एखाद्या घरात ऑडिटरने शिरायचंच नाही असा नियम त्या घरातल्यांनीच सांगितला, की माझ्या डोळ्यांपुढे काचेचं दार आणि गणपतीचा फोटो येतो.

सुमारे ७२ टक्के लोकांनी 'होय' म्हटलं. ज्या राज्यात एरवी कुठल्याही गोष्टीवर एकमत होत नाही तिथे दर चारांतले जवळपास तीन. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन, शहर आणि खेडं, सगळे त्यात आले. आणि तरी पुढच्या वर्षभरातही विधिमंडळाने दप्तर उघडून दिलं नाही. आयोवा राज्यात उलटं झालं होतं: तिथे २०२२ मध्ये रॉब सँड हे ऑडिटर तीन हजारांहून कमी मतांच्या फरकाने कसेबसे पुन्हा निवडून आले, आणि २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा करून ऑडिटरला कागद मागण्याच्या अधिकारालाच कात्री लावली. निवडून दिलं म्हणजे कपाटाची किल्ली हाती आली असं नाही, हे मी या दोन वर्षांत शिकले. अण्णांना ते शिकवावं लागलं नाही. अधिकाराचं पत्र खिशात असूनही कपाटाची किल्ली 'साहेब गावाला घेऊन गेलेत' हे त्यांनी किती वेळा ऐकलं असेल.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी ऑडिटरच्या संकेतस्थळावरून एक अहवाल उघडला. वृद्धांच्या देखभालीशी संबंधित एका खात्याचा, तीसेक पानांचा. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकासारखा स्वच्छ छापलेला, कोणालाही उघडता येणारा, कसला अर्ज नाही, फी नाही. अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते, जेवण झालं होतं. त्यांना आता बारीक अक्षर वाचवत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत.

"वाच," ते म्हणाले. "आधी सांग, वर प्रति कुणाला आहे?"

मी पहिलं पान पाहिलं. पत्र त्या खात्याच्या प्रमुखाच्या नावे होतं. इथेही. मी तसं सांगितलं, आणि मला जरा वाईट वाटलं.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "ज्याचं दप्तर, त्याला पत्र. आणि खाली? प्रत माहितीसाठी कुणाला?"

मी तळाशी गेले. सही होती. त्याच्या खाली काही नव्हतं.

"काही लिहिलेलं नाही, अण्णा."

"मग तुझ्या हातात कसं आलं?"

"सगळ्यांसाठीच आहे. कोणीही वाचावं."

फोनवर त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते बहुधा फोनच्या जवळ येऊन बसले.

"आक्षेप किती आहेत?"

"तीन."

"पहिल्यापासून वाच. सावकाश वाच. आणि आकडा आला की दोनदा वाच."